चांदीची कलई, डाळीचं पाणी

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही. घरचे या तापण्याला सरावलेत. नवरा अशा वेळी उठून भाजी आणायला जातो. पण एकदा हे तापणं बाहेरच्या एका माणसाच्या वाट्याला आलं, आणि त्याच्याइतका निरपराध माणूस मला शोधूनही सापडला नसता.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. पोरं त्यांना चाचा म्हणायची, मग आम्ही मास्तर मंडळीही चाचाच म्हणू लागलो. धाड गावचे राहणारे. रोज सकाळच्या एसटीनं यायचे, एसटी चुकली तर जीपमध्ये अंग चोरून बसून यायचे, पण साडेनऊला प्रयोगशाळेचं कुलूप निघालेलं नाही असं मी एकदाही पाहिलं नाही. घराणं कलईवाल्यांचं. वडील तांब्यापितळेच्या भांड्यांना कलई करायचे, थोरला भाऊ अजूनही धाडच्या आठवडी बाजारात भट्टी लावून बसतो. चाचांना शाळेची गोडी लागली, बारावी झाले आणि आमच्याकडं चिकटले. गोष्ट घडली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्यांचं मुख्य काम काच धुणं. आता काच धुण्यात काय एवढं, असं पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. मग एक दिवस मी त्यांना काम करताना नीट पाहिलं. आधी साबण, मग आम्ल, मग नळाचं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा खंगाळणं. इथवर सगळेच करतात. पण चाचा शेवटचं खंगाळलेलं पाणी फेकून देत नसत. ते परीक्षानळीत घ्यायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडायचे, नळी खिडकीशी धरून मागं काळा कागद लावायचे आणि मान तिरपी करून बघायचे. पाण्यात मिठाचा, म्हणजे क्लोराइडचा, नुसता वास जरी राहिला असेल तरी तिथं पांढरी रेघ उठते. उठली की ती बाटली पुन्हा पहिल्यापासून साबणात. नाही उठली की ते स्वतःशीच म्हणायचे, "दूध आलं नाही," आणि बाटली पालथी होऊन स्वच्छ फडक्यावर जायची.

हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. फार पूर्वी एक सर मुलांना ही परीक्षा शिकवत होते, ती चाचांनी मागं उभं राहून पाहिली आणि आपल्या कामाला जोडून टाकली. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा मी पाहिल्यात. तिथली काच चकाकते, पण चाचांच्या काचेवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्याच काचेवर नव्हता. होता म्हणते, कारण ऐन वेळी मीच तो गुंडाळून ठेवला.

चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. लोक म्हणाले, आता काऊन हा उपद्व्याप? मी म्हटलं, हौस. विषय असा होता. कार्बनच्या अतिशय बारीक नळ्या असतात, नॅनोनळ्या. आपल्या डोळ्याला दिसते ती नुसती काळी भुकटी, काजळीपेक्षा हलकी, इतकी की बाटली उघडताना श्वास रोखून धरावा लागतो. या नळ्यांच्या अंगावर चांदीचे त्याहून बारीक कण बसवायचे. अशा चांदी बसलेल्या नळ्यांचा पाण्यातले जंतू मारायला उपयोग होईल, असं काम जगात बऱ्याच ठिकाणी चाललंय. त्यातलं चिमूटभर मला करायचं होतं.

चांदी बसवायच्या रीती पुष्कळ आहेत. मी घेतली ती किरणांची. नळ्या पाण्यात मिसळायच्या, त्यात चांदीचा क्षार आणि थोडं अल्कोहोल घालायचं, नायट्रोजन वायू सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलायचा, बाटली बंद करायची आणि काही तास गॅमा किरणांत ठेवायची. झालं. ना चूल पेटवायची, ना कुठलं जहाल रसायन ओतायचं. यातली एक गोष्ट मला इतकी आवडली होती की मी ती येईल त्याला ऐकवायची. किरण चांदीच्या वाटेला फारसे जातच नाहीत. ते पाण्याला फोडतात. फुटलेल्या पाण्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते क्षारातल्या चांदीला गाठतात, चांदी पुन्हा धातू होते आणि जवळच्या नळीवर जाऊन बसते. सगळं काम करतं ते पाणी. किती साधं आणि किती देखणं! पण म्हणूनच पाणी चोख लागतं. त्यात मीठ असलं तर चांदी आधी मिठाला जाऊन चिकटते आणि तिचा पांढरा गाळ होतो.

नळ्याही आणल्या तशा वापरता येत नाहीत. त्यांचं अंग गुळगुळीत असतं, चांदी ठरत नाही. म्हणून आधी त्यांना आम्लात उकळून थोडं खरखरीत करून घ्यायचं. हे मी एकदा चाचांना समजावून सांगत होते. ते बाटली पुसता पुसता ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, हे त आमच्या घरचंच काम झालं. आंधी भांडं घासाचं, मंग नवसागर माराचा, मंग कथील फिरवाचं. घासल्याबिगर कलई धरत नाही."

मला हसू आलं. पण घरी गेल्यावर विचार केला, यात चुकीचं काय आहे? मी पंधरा पानांत लिहिलं होतं ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत चांदी 'निक्षेपित' झाली नाही, ती 'धरली' किंवा 'नाही धरली'. माझ्या मार्गदर्शक बाईंनाही हा शब्द लागला. फोन करून विचारायच्या, "काय गं, धरली का कलई?"

गॅमा किरणांची सोय बुलढाण्यात कुठून असणार? मुंबईच्या एका संस्थेत बाईंच्या ओळखीनं एक दिवस मिळाला. जागाही मोजकी, सहा बाटल्यांची. बाईंनी बजावलं की कॉलेजात ज्या पाण्यानं चाचण्या केल्यास तेच पाणी घेऊन जा, तिथलं वापरू नको, मध्येच काही बदलू नको. झालं, चाचा कामाला लागले. तीन दिवस त्यांनी पाणी दोनदा ऊर्ध्वपातित करून पाच लिटरचा एक पांढरा डबा भरला. मध्ये वीज जायची, की ते यंत्राशेजारी स्टूल टाकून ती येईपर्यंत बसून राहायचे. सहा बाटल्या धुतल्या. सहाही बाटल्यांचं शेवटचं पाणी मला बोलावून, काळ्या कागदापुढं धरून दाखवलं. एकातही दूध नव्हतं. डब्याच्या झाकणावर स्वच्छ फडकं टाकून त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं अशी आवळून गाठ मारली की मी म्हटलं, चाचा, हे मला तिथं सुटेल ना? ते म्हणाले, कापा मॅडम, पन वाटेत खोलू नका.

मी वाटेत खोलला नाही, ही गोष्ट खरी आहे.

माझं माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुंबईची गाडी शेगावला पकडायची तर वाकडी वाट करून एक मुक्काम आईकडं करता येतो. बऱ्याच दिवसांत गेले नव्हते, म्हणून गेले. आमच्या घरच्या बोअरचं पाणी खारं. तोंडात घेतलं तर घोटवत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ घातली तर ती शिजता शिजत नाही. नळाला गोडं पाणी येतं, पण आपल्या मर्जीनं. त्यामुळं आमच्याकडं गोड्या पाण्याला तुपाचा मान आहे. पाहुण्यापुढं गोड्या पाण्याचा तांब्या ठेवला की पाहुणचार अर्धा झाला.

आईनं डब्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? मी काळ्या नळ्या, किरण, चांदी सगळं सांगायला लागले. तिला त्यातलं एकच कळलं, की या डब्यात जगातलं सगळ्यात गोडं पाणी आहे. किरणांचं नाव काढल्यावर मात्र ती घाबरली. मोबाईलच्या टॉवरवरून आमच्या गल्लीत एवढ्यातच भांडण झालं होतं. त्या बाटल्या घरी आणशील तर अंगाला काही होणार तर नाही ना, म्हणाली. मी म्हटलं, दिवा विझवला की भांड्यात उजेड उरतो का? तसंच ते. तिला ते पटलं. मला जेवायला वाढलं. वरण काय झालं होतं! मऊ, एकजीव, लहानपणी मामाच्या गावाला मिळायचं तसं. मी तीनदा मागून घेतलं. डाळ चांगली लागली आहे यंदा, एवढंच माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायची घाई, आईनं डबा उचलून माझ्या हातात दिला आणि मी ऑटोत बसले.

मुंबईचा तो दिवस मी विसरणार नाही. शिशाचं एक जाडजूड पिंप, त्याच्या पोटात किरण सोडणारं कोबाल्ट. बाहेरून पाहिलं तर काही म्हणजे काहीच दिसत नाही. ना उजेड, ना धूर, ना आवाज. तिथल्या तरुण शास्त्रज्ञ मुलीनं मला सगळं समजावून सांगितलं, एखाद्या आत्याला सांगावं तसं. मी डबा उघडला, नळ्या पाण्यात टाकून त्यांच्या यंत्रात हलवून घेतल्या, आणि कॉलेजातून तोलून आणलेल्या पुड्यांमधला चांदीचा क्षार थेट त्या काळ्या पाण्यात सोडला. खरं तर एक बाटली नळ्यांशिवाय, नुसत्या चांदीच्या पाण्याची ठेवायची असते, पडताळा म्हणून. जागा कमी म्हणून मी ती ठेवली नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला मी यासाठी वर्गाबाहेर काढलं असतं. सहाही बाटल्या पिंपाच्या पोटात उतरल्या आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले. आत काहीही न हलता, न तापता पाणी फुटत असेल, चांदी होत असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला होता.

नमुने तपासून अहवाल यायला महिना लागला. तो आला त्या दिवशी तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक चालू होतं. मी उभ्यानंच वाचला. नळ्यांवर चांदी जवळजवळ नव्हतीच. नळ्यांच्या बाजूला गोळे पडले होते, सिल्व्हर क्लोराइडचे. क्लोराइड म्हणजे मीठ. सहाच्या सहा बाटल्यांत.

या कामात घातलेली दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. आणि चाचा समोरच होते, नेहमीसारखे बाटली पुसत.

मी काय काय बोलले ते सगळं आता लिहवत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लानं बाटल्या धुतल्या आणि नीट खंगाळल्या नाहीत, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, हे माझ्या डोक्यात आलं आणि ते मी तोंडानं बोलले. "घरी नवसागर चिवडता आणि त्याच हातानं माझ्या बाटल्या धुता," असं मी वीस पोरांसमोर म्हणाले. ज्या माणसानं मला सहाही बाटल्यांचं पाणी काळ्या कागदापुढं धरून दाखवलं होतं, त्याला.

चाचांचा हात थांबला. पोरं खाली मान घालून उभी. चाचांनी मुंबईहून परत आलेल्या रिकाम्या डब्याकडं एकदा पाहिलं. तो महिनाभर टेबलाखाली तसाच पडला होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, जाताना गावाकडं थांबल्या व्हत्या काय?"

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध? चाचांनी बाटली फडक्यावर पालथी घातली, डबा उचलला आणि आतल्या खोलीत ठेवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते पूर्वीसारखेच साडेनऊला यायचे, काच धुवायचे, पण शेवटच्या पाण्याची नळी मला दाखवायला आणेनात. पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या विभागाच्या एका मास्तरांनी चहा पिताना चक्क विचारलं की म्हाताऱ्यानं तुमचं संशोधन बुडवलं म्हणे. मी गप्प बसले. निवृत्तीला दोन-अडीच महिने राहिलेला माणूस, आयुष्यभर एकच गोष्ट कमावलेली, की याची काच चोख. तीही मी जाता जाता हिसकावून घेतली होती, आणि मला तेव्हा त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट आपलं बरोबर आहे याची खात्री होती.

पंधरा दिवसांनी सोनाळ्याला गेले. आई ताट वाढत होती. मी वरणाचा घास घेतला, डाळ दाताखाली कचकचली. मी म्हटलं, मागच्या खेपेला कसं मस्त झालं होतं गं.

आई म्हणाली, "मंग? ते तुह्या डब्यातल्या पान्यानं केलतं ना बाई. तू इतक्या दिवसानं आलती, म्हटलं एक दिवस तरी पोरीले धड वरन भेटाव."

मी घास ताटात ठेवला. मी विचारलं, अगं, पण डबा तर भरलेला होता.

"रिकामा कसा देवाव मंग? कोनाचं भांडं आपुन रिकामं परत करतो काय?" आई म्हणाली. "बोअरच्या पान्यानं भरला ना म्या पुरा. दोरा तोडा लागला, त चिंधी बांधून देल्ली."

काय सांगू? माझ्या आईनं उभ्या आयुष्यात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत केलेली नाही. साखर आणली तर तिच्यात शेंगदाणे, ताक आणलं तर लिंबं, काहीच नसलं तर चिमूटभर मीठ. लेकीच्या डब्यातून तिनं पाणी घेतलं, लेकीसाठीच वरण केलं, आणि शिरस्त्याप्रमाणं डबा भरून दिला. मुंबईत मी ती चिंधी माझ्या हातानं सोडली होती. निळ्या फुलांची, आईच्या जुन्या लुगड्याची. चाचांचा पांढरा दोरा कुठं गेला, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. आईच्या घरून निघालेली प्रत्येक गोष्ट चिंधीनंच बांधलेली असते, त्यात काय बघायचं? आणि पडताळ्याची बाटली ठेवली असती तर पाणी तिथंच दुधासारखं झालेलं दिसलं असतं. काळ्या नळ्यांनी सगळं झाकून टाकलं.

आई विचारत होती, "काऊन, काही बिघडलं काय?" मी म्हटलं, नाही गं, कुठं काय. आणि कचकचणारं वरण मुकाट्यानं संपवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ते खारट पाणीही घटाघट प्याले.

सोमवारपर्यंत मला दम निघेना. रविवारी थेट धाड गाठलं. चाचांचं घर विचारत विचारत गेले. ते अंगणात भावाबरोबर बसले होते, एका मोठ्या पितळी गंजाला, म्हणजे उभट पातेल्याला, कलई चालली होती. भाऊ सांडशीनं गंज फिरवत होता, नवसागराचा पांढरा धूर निघत होता आणि चाचा कापसाच्या बोळ्यानं कथील आतून पसरवत होते. काळवंडलेल्या पितळेवर त्यांच्या हातामागून चांदीसारखा पट्टा उजळत जात होता. मी फाटकाशीच थांबून पाहत राहिले. याच हाताला मी नावं ठेवली होती.

चाचांनी मला पाहिलं, लगबगीनं उठले, खुर्ची मागवली, चहा सांगितला. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. आईचं वरण, बोअरचं पाणी, सगळं. माफी मागताना मी रडले. मला रडताना फारसं कुणी पाहिलेलं नाही.

चाचा आत गेले आणि कपाटातून एक घडी घेऊन आले. ती चिंधी होती, धुऊन, इस्त्री केल्यासारखी हातानं सारखी केलेली. डब्याच्या मुठीला बांधलेली राहिली होती, म्हणाले. मी बोलले त्याच दिवशी त्यांनी ती पाहिली होती. गाठ आपली नाही, दोरा आपला नाही, आणि फडकं कुणा बाईमाणसाच्या लुगड्याचं आहे, हे त्यांनी तिथंच ओळखलं होतं.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत चाचा? सगळ्यांसमोर मी एवढं बोलले.

"बोलून काय करतो मॅडम? तुमी तेव्हा तापल्या व्हत्या, घरी जाऊन आईवर ओरडल्या असत्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता बी त्यायले सांगू नका. डाळ त शिजली ना?"

या माणसाला काय म्हणावं? दोन-अडीच महिन्यांनी घरी बसणार, मागं नाव काय राहील याची ज्याला सगळ्यात जास्त काळजी, त्यानं ते नाव माझ्या आईसाठी, कधी न पाहिलेल्या एका म्हातारीसाठी, मुकाट्यानं डागळू दिलं. मी शिकलेल्या पुस्तकांत असा माणूस नव्हता.

सोमवारी त्याच वर्गाच्या प्रात्यक्षिकाला मी सगळ्या पोरांना हातातलं काम ठेवायला लावलं. पाणी माझ्याकडून बिघडलं, मी पडताळ्याची बाटली ठेवली नाही आणि दोष मात्र चाचांना दिला, त्यांची काच चोख होती, असं मोठ्यानं सांगितलं. आईचं नाव काढलं नाही. चाचा इतके अवघडले की पुसलेलंच ब्युरेट पुन्हा पुसत बसले. चहाच्या वेळी त्या दुसऱ्या मास्तरांनाही गाठून सांगितलं. त्या दिवशी दुपारी बऱ्याच दिवसांनी चाचा एक परीक्षानळी घेऊन माझ्या टेबलाशी आले, काळा कागद मागं धरला आणि म्हणाले, "पाहा. दूध नाही."

बाईंनी खूप खटपट करून मुंबईचा आणखी एक दिवस मिळवून दिला. या वेळी मलकापूरहून गाडी पकडली, डबा मांडीवर घेऊन. पडताळ्याची बाटली पहिल्यांदा भरली. ती किरणांतून निघाली तेव्हा पाणी पिवळंधमक झालं होतं, चांदीचे बारीक कण झाले की होतं तसं. ती तरुण मुलगी आणि मी, दोघी त्या बाटलीकडं पाहून वेड्यासारख्या हसत होतो.

चाचांच्या शेवटच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाचं चित्र आलं. मी ते छापून घेतलं आणि सगळ्यात आधी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. करड्या रंगाची एक वाकडीतिकडी नळी आणि तिच्या अंगभर बारीक काळे ठिपके, कुठं दाट, कुठं विरळ. चांदी काळी कशी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्या यंत्रात धातू गर्द दिसतो, आरपार जाऊ देत नाही म्हणून. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. 

"धरली," ते म्हणाले.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, शाल-नारळ झालं. मी दोन वाक्यं बोलून बसले. सगळे गेल्यावर चाचा आतल्या खोलीतून पांढरा डबा घेऊन आले. पाच लिटर, गळ्यापर्यंत भरलेला. आठवडाभर यंत्राशी बसून त्यांनी त्यांचं शेवटचं पाणी काढलं होतं. झाकणावर फडकं होतं आणि त्यावर निळ्या फुलांची चिंधी बांधलेली.

"आईले द्या. डाळीसाठी," ते म्हणाले. "डबा त्यायनं भरून देल्ला व्हता. मी रिकामा कसा देऊ?"

मी तो डबा सोनाळ्याला नेला. आईला एवढंच सांगितलं की आमच्या कॉलेजातल्या चाचांनी पाठवलाय. तिनं चिंधी सोडली, आपल्याच लुगड्याची आहे हे ओळखलं आणि काही कळलं नाही म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली. तिनं डाळ चढवली. दोघींनी पोटभर वरणभात खाल्ला. उरलेलं पाणी तिनं माठात ओतून घेतलं.

सकाळी निघताना डबा पुन्हा माझ्या हातात आला. जड होता. मी झाकण उघडून पाहिलं तर घरच्या तुरीची डाळ, काठोकाठ. आई चिंधी आवळून बांधत होती.

"त्यायले म्हनाव, तिकडल्या पान्यात लवकर शिजते," ती म्हणाली.

या वेळी मी गाठ नीट पाहून घेतली आणि डबा मांडीवर घेऊन धाडला गेले.